तूर्तास जोडलेली तार

माझा मामा एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टचा मेकॅनिक. इंग्रजी यथातथाच, पण रजिस्टरात एक शब्दप्रयोग मात्र तो झोकात लिहायचा: 'फॉर द टाइम बीइंग'. तिथले सगळेच लिहायचे. अर्थ साधा, तूर्तास. नवा भाग येईपर्यंत कसंबसं भागवलंय, काम संपलेलं नाही. वापरायची रीतही ठरलेली होती: पुढे परत येण्याची तारीख घालायची. ती कधी गळाली, कुणालाच आठवत नाही. शब्द तेवढे उरले, आणि मामाला 'टाइमबीइंग' हे टोपणनाव.

दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून एक स्विच असतो. दोन नंबरच्या लिफ्टचा तो बिघडला, तेव्हा ऑपरेशनचे पेशंट खोळंबले होते. मामाने स्विच टाळून थेट तार जोडली, लिफ्ट चालू केली आणि रजिस्टरात ते शब्द लिहिले. नवा स्विच स्टोअरमधून आलाच नाही. आठ महिने गेले. परवा एक सिस्टर स्ट्रेचर ओढत उलट्या पावली आत शिरत होती, आणि दार उघडं असतानाच लिफ्ट वर सरकली. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला.

चौकशीत साहेब समजुतीने बोलले. "घाबरता काय? तूर्तास असं स्वच्छ लिहिलंय तुम्ही. दोष स्टोअरचा. या जबाबावर सही करा आणि सुटा."

मामाने पेन उचललं, परत ठेवलं. "त्या लिफ्टने आठ महिने मीच वरखाली करत होतो, साहेब. रोज ती तार बघत होतो."

"रिटायरमेंट पाच महिन्यांवर आलीय. पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"धोंडा तिच्या पायावर पडलाय."

मग त्याने तिथेच रजिस्टर चाळलं. तशीच तार आणखी तीन लिफ्टना, अक्षर त्याचंच. तो उठला, खाली गेला आणि चारही लिफ्ट बंद केल्या.

"ओ टाइमबीइंग, पेशंट काय खांद्यावर नेऊ?" वॉर्डबॉय ओरडला.

"ने. एक बाजू मी धरतो."

तिसऱ्या मजल्यावर कारकून धापा टाकत निलंबनाचा कागद घेऊन आला. मामाचे हात स्ट्रेचरला गुंतलेले, म्हणून त्यानेच तो मामाच्या खिशात कोंबला. अजून दोन जिने चढायचे होते.