डाइमची मागची बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि पुण्याला आईला फोनवर भाजी काय केली इथपर्यंत सगळं सांगते, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. स्वस्थ बसवत नाही, एवढंच.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात आम्ही आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनला राहायचो. माझं काम घरूनच चाललेलं. शेजारच्या घरात नोरीन. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. तोंडावर मी त्यांना नुसतं नोरीन म्हणायचे, इथली रीतच तशी; मनात मात्र नोरीनकाकू. त्यांचं दूध-ब्रेड मी दाराशी ठेवायचे आणि मागच्या भिंतीवरून आमच्या गप्पा चालायच्या. एकदा त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा भिंतीवर ठेवला, आत जुनी नाणी. त्यांचे वडील तरुणपणी अमेरिकेत कामाला होते, येताना त्यांनी ती आणली होती.

"यातलं कुठलं कधीचं, तुझ्या कॉम्प्युटरवर कळेल का गं?"

कळलं. आणि मला त्याचं वेडच लागलं. डाइम — अमेरिकेची दहा सेंटची, अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची नाणी. काहींवर पंखांची टोपी घातलेली बाई. लोक तिला रोमन देव समजतात, पण ती स्वातंत्र्यदेवी. मागे काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड. त्याहून जुन्यांवर पानांचा मुकुट घातलेला चेहरा. मशालवाली डाइम सगळ्यांत नंतरची, तशी डब्यात एकही नव्हती. म्हणजे तुमचे वडील त्याआधीच परतले असणार, असं मी म्हटल्यावर काकूंचा चेहरा उजळला. "बरोबर! माझ्या जन्माआधीच आले ते."

मला फार भारी वाटायचं. त्या लॉकडाउनमध्ये मला दुसरं कोण विचारत होतं?

एक नाणं मात्र काळंकुट्ट होतं. साल वाचता येईना. जुनं नाणं घासू नये — हे प्रत्येक साइटवर अगदी वरच लिहिलेलं असतं. मी वाचलं होतं. वाचूनही बेकिंग सोडा घेतला, भांड्याची हिरवी घासणी घेतली आणि सिंकपाशी उभी राहून दोन्ही बाजू चकचकीत केल्या. मागची बाजू आधीच गुळगुळीत होती, तिच्यावर बारीक चरे होते. ते गेले. साल काही दिसलं नाही. नाणं मी पुसून डब्यात टाकलं आणि डबा परत दिला — न सांगता.

हे एवढंच असतं तर —

पुढच्या उन्हाळ्यात प्रवासावरची बंदी उठली आणि काकूंची मुलगी वॉटरफोर्डहून आली. काकू हल्ली विसरायला लागल्या होत्या. एकदा किटली गॅसवरच राहिली होती. मुलगी काळजीत होती, ते दिसतच होतं. दोघी भिंतीपाशी आल्या. काकूंच्या हातात डबा.

"एका डाइमच्या मागे के आणि एम कोरलेलं होतं," काकू म्हणाल्या. "बाबांनी मागची बाजू दगडावर घासली आणि टोच्याने दोघांच्या नावांची अक्षरं काढून आईला दिली, लग्नाचं विचारताना. ती सापडत नाही. तू पाहिली असशील ना?"

मी म्हटलं, आत जाऊन बघते. ओळखायला सोपं जावं म्हणून मी प्रत्येक नाण्याचे फोटो काढले होते, घासायच्या आधी. फोनवर तो फोटो मोठा केला. तिरका के. त्याला टेकलेला एम. चरे नव्हतेच ते.

बाहेर जाऊन फोन पुढे करायचा होता. किती पावलं होती ती?

"नाही," मी म्हणाले, "तसं एकही नव्हतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आईकडे पाहिलं. "आई, आणखी कुठल्या गोष्टीशी गल्लत होत असेल तुझी," ती हळूच म्हणाली. आणि काकू — ज्यांना वडिलांचं परतणं बरोबर आठवत होतं — काकू डब्यात बघत राहिल्या. मग मलाच म्हणाल्या, "सॉरी, लव्ह. तुला उगाच त्रास दिला. डोकं काम करत नाही हल्ली."

मी म्हणाले, "इट्स ग्रँड" — म्हणजे इथल्या भाषेत, काही हरकत नाही.

त्या संध्याकाळी मी फोटो डिलीट केला. पुढे काही आठवड्यांनी मुलीने त्यांना वॉटरफोर्डला नेलं आणि घर विकायला काढलं. केवळ माझ्यामुळे नाही, असं म्हणता येईल; किटली होतीच. पण सामान भरताना मुलगी मला म्हणाली होती, "त्या नाण्याच्या दिवशी माझी खात्री पटली, आईला आता एकटं ठेवता येणार नाही." मी खोकी गाडीपर्यंत नेऊ लागले.

वॉटरफोर्डचा नंबर माझ्याकडे आहे. मी एकदाही फोन केलेला नाही.

अक्षरं होती. मी पाहिली होती. काकूंना बरोबर आठवत होतं.