शेजारचा हिरवा दिवा

बंद चार्जरला गाडी जोडून मी निवांत मिसळ खाऊन आलो. फोनवर तो चालू दाखवत होता, एवढं मला पुरलं. भाचीचा साखरपुडा घाटापलीकडे, आणि गाडी उपाशीच! शेजारच्या चार्जरवर मात्र मिसळीच्या टेबलावर समोर बसलेल्या एका गृहस्थांच्या गाडीचा हिरवा दिवा तृप्तपणे लुकलुकत होता. इतका हेवा मला कुणाच्या बंगल्याचाही वाटला नव्हता. उद्या असे चार्जर रस्तोरस्ती होतील म्हणे. होवोत बापडे, पण पाणपोईची शोभा माठातल्या पाण्याने, आणि कोरडा माठ नेमका माझ्याच वाट्याला! त्या दिव्याकडे मी पुन्हा चोरून पाहिलं. बायको म्हणाली, “अहो, त्यांनी आधी दिवा बघितला, मग मिसळ. तुम्ही आधी तर्री बघितलीत!”