कोठीतले उंदीर

"बाबा उठूनच नाही राहिले..." बायकोचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चारचा चहा घेत होतो. दुपारी वरणभात खाऊन बाबा रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आडवे झाले आणि तसेच निघून गेले. भाग्याचं मरण, सगळे म्हणाले. मला मात्र त्यांचा राग आला. जायचंच होतं तर निदान एकदा आतल्या खोलीत तरी बोलवायचं!

या आतल्या खोलीचं सांगायला हवं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून रायपूरला आले आणि येताना घरचा रिवाजही गाठोड्यात बांधून आणला. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं मूल उचलायचं नाही, भावाचं चालेल. त्यामुळे मी वाढलो काकांच्या खांद्यावर आणि काकांची नंदा बाबांच्या. बुढा तलावावर फिरायला निघालो की हीच वाटणी. मी रडायला लागलो की बाबा काकांना म्हणत, "अरे, त्या पोट्ट्याले घे ना." जसा काही मी शेजाऱ्यांचा!

आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. पण त्यांची तसबीर बैठकीत लागली आणि बाबा तिच्यासमोरही तसेच वागू लागले. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला, तसबिरीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "इकडे ये, काम आहे." आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ, त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं. किती तरी वेळ. मग डोळे पुसून बाहेर आले आणि तसबिरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोठीत उंदीर झाले वाटते." आई तोंडाला पदर लावून हसत होती.

त्यानंतर आमच्या कोठीत उंदीर फार झाले. माझं लग्न ठरलं तेव्हा, मुक्ता जन्मली तेव्हा, आई गेली तेव्हा...

मुक्ताची वेणी मी बैठकीतच बसून घालायचो. बाबांना ते बघवत नसे. एकदा न राहवून आजोबांच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "बाबासमोर काहून करून राहिला हे?"

"ते आता कुठं रागावतात?"

"तुले काय मालूम!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले त्यायनं कधी घेतलं नाही रे. त्यायले तरी कोणं घेतलं असन... पण तुले घ्याले माये हात शिवशिवत होते."

तेरावं झाल्यावर बाबांची तसबीर कुठे लावायची, हा प्रश्न आला. सगळ्यांना वाटलं, आजोबांच्या शेजारी. मी ती आतल्या खोलीत कोठीवर लावली. नंदानं कारण विचारलं नाही, तिनंच खिळा धरला.

परवा मुक्ता शाळेतून धावतच आली. "पापा, मैं फर्स्ट आई!" मी तिला बैठकीतच, आजोबांच्या देखत उचलून घेतलं. मग तिला खाली ठेवून आतल्या खोलीत गेलो आणि कोठीला टेकून उभा राहिलो.

"काय करून राहिले तिथं?" बायकोनं बाहेरून विचारलं.

मी डोळे पुसले. घसा खाकरला.

"काही नाही. कोठीत उंदीर झाले वाटते."