कणसाखालचं पान

जुना रुपया भिंगाखाली धरावा, सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडू द्यावं आणि मग पाहावं! तळहातावर निर्विकार वाटणारी ती चकती एकाएकी उजळते. कणसांचे दाणे, त्यांची कुसळं, काठावरचे बारीक दाते सारं कसं लखलखीत उभं राहतं. टाकसाळीत ठसा बदलला की कुठे एखादं पान किंचित सरकतं, कुठे एखादा आकडा कृश होतो. वर्ष तेच, मोल तेच, तरी रूप निराळं. हे सूक्ष्म भेद हुडकण्यात, प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावरची माझी वर्षं ब्रह्मपुरीत किती सुखात गेली! आणि त्या सुखासोबत अहंकारही किती नकळत साठत गेला!

एटापल्लीचे मडावीभाऊ निवृत्त वनरक्षक, छंद माझाच. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. गेल्या हिवाळ्यात मी महाविद्यालयात नाण्यांचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा ते एवढ्या दुरून आले, रुमालाची गाठ सोडून एक रुपया पुढे केला आणि म्हणाले, "सर, याचं पान कणसाले टेकत नाई. हे वेगळं हाये."

मी नुसती नजर टाकली आणि चारचौघांत हसलो. "झिजलंय हो ते, भाऊ!"

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. रविवारचे फोन थांबले.

पुढे पावसाळा सरताना एका व्यापाऱ्याकडून कोऱ्या नाण्यांची पुडी आली. त्यातल्या एका रुपयावर पान आणि कणीस यांच्यामध्ये तीच केसाएवढी फट होती. व्यवहाराचा स्पर्शही न झालेलं नाणं झिजेल कसं? त्या फटीतून माझं अज्ञान माझ्याकडे स्वच्छ पाहत होतं.

दुसऱ्याच दिवशी गडचिरोलीला बस बदलून मी एटापल्ली गाठली. मडावीभाऊ अंगणात बांबूची टोपली विणत बसले होते.

"माझं चुकलं, भाऊ," मी दारातूनच म्हणालो. "ती झीज नव्हती."

त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. आतून आपला रुपया आणला, सारवलेल्या जमिनीवर ठेवला. मग म्हणाले, "मले वाईट वाटलं होतं, सर. तुमी पाह्यलंच नाई. जंगलात मी मातीतले वाघाचे पंजे पाह्यले जलमभर. उभ्यानं पाह्यलं त सारे सारखेच दिसते. खाली बसा लागते."

मी खाली बसलो. सोबत आणलेला माझा रुपया त्यांच्या रुपयाशेजारी ठेवला आणि आम्ही माथ्याला माथा लावून पाहू लागलो. पान खरोखरच टेकत नव्हतं! मडावीभाऊ लहान मुलासारखे हसले. मलाही हसू आलं, पण मन मात्र भलतीकडेच गेलं होतं. फळ्याजवळ उभं राहून मी उभी हयात मुलं पाहिली. रांगेमागून रांग, सारखेच चेहरे. त्यांतल्या किती जणांजवळ मी कधी बसलो होतो?