मास्तरांची मिशी

आमच्या भोंगवलीच्या शाळेतल्या मास्तरांची मिशी एवढी दाट, की चिमणीनं तिच्यात खुशाल दोन विणी काढाव्यात. वेड मात्र एकच: बहिऱ्या पोरांना शिकवायचं कसं, याचा शोध. त्यासाठी कानांत कापूस कोंबून ते बाजारभर हिंडत, आणि लोकांच्या ओठांकडे असे टक लावून बघत, की बाया वाट बदलत.

आमच्या वर्गात सुताराची बहिरी ठकी होती. ओठ बघून शब्द ओळखायला मास्तर तिला शिकवत. पण वर्ष सरलं तरी पोर ढिम्म. सुतार म्हणाला, “मास्तर, दिवाळीपतूर बघतो. न्हाई जमलं, तर शेरडांमागं धाडतो तिला.”

मास्तरांनी आरशासमोर ‘पाणी’ म्हणून पाहिलं. मिशीखाली ओठच दिसेनात! तडक न्हावी गाठून त्यांनी मिशी उतरवली.

आता बाप मेल्याशिवाय मिशी कोण काढतो? गावच्या बायांनी असा गळा काढला, की नीरा नदी दोन हात चढली. बातमी वेल्ह्याला पोचली, तेव्हा मास्तरांचे वडील अंगणात भाकरी खात होते. काठी आपटत ते थेट वर्गात आले. “मी मेलो व्हय रं, मुडद्या?”

मास्तर ठकीकडे वळले आणि आवाज न काढता म्हणाले, ‘पाणी.’ ठकीनं तांब्या भरून आणला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

म्हातारा गार! “नाव काय गं तुजं, पोरी?”

ठकी पुढं झाली, दोन्ही हातांनी त्यांची झुपकेदार मिशी वर उचलून धरली, आणि ‘आता बोला’ अशी मान हलवली.