सळईपाशी आंघोळ

अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कूलर कशाला, असं विचारणाऱ्याला एक दुपार त्या खोलीत नेऊन बसवावं, असं मला वाटतं. रेल्वे रुळांपलीकडच्या त्या वस्तीत घरं पत्र्याची, कूलर पत्र्याचे, आणि वीज जिकडून मिळेल तिकडून ओढलेली. मोटारीत पाणी झिरपलं की कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. मोठ्या माणसाला झटका बसतो, तो चार शिव्या देतो आणि बाजूला होतो. लहान पोर चिकटून राहतं.

मी अमरावतीला आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेत असे. निवृत्त होऊन लेकीकडे अकोल्याला आलो आणि घरात सगळ्यांच्या चुका काढत बसू लागलो, तेव्हा तिनंच कंटाळून मला या कामाला जुंपलं. तिच्या मैत्रिणींनी वस्तीतल्या समाजमंदिरात पाळणाघर चालवायला घेतलं होतं. मी घरोघरी वायरी तपासत हिंडायचो. शॉक लागताच वीज तोडणारा स्विच प्रत्येक घरी बसवणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. उरलं अर्थिंग. दाराबाहेर जमिनीत लांब सळई ठोकायची, तिची तार कूलरला जोडायची, म्हणजे उतरलेला करंट जमिनीत जातो.

पण जमीन आमची काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ठोकलेली सळई हलत्या दातासारखी मोकळी होते, मग करंट जमिनीत उतरत नाही. सळईभोवती रोज पाणी टाका, म्हणून मी कानीकपाळी ओरडायचो. जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे मातीत पाणी ओता म्हणणारा माणूस वेडाच ठरणार. एका म्हातारीनं तर तोंडावर सांगितलं, "गुरुजी, आमाले प्याले पानी नाई, अन् तुमी लोखंडाले पाजून राहिले!"

मला राग आला, पण उपाय तिच्याच दारात सापडला. तिची अडीच वर्षांची नात दगडावर बसून आंघोळ करून घेत होती. मी म्हटलं, "हिला तिथून उचला आणि सळईपाशी बसवा." म्हातारी हसली आणि तिनं तसं केलं. पाहता पाहता वस्तीभर तीच रीत पडली. सकाळी गेलं की दारोदार फेसानं माखलेली पोरं सळईशेजारी रडत बसलेली असत, आणि मी टेस्टर खिशात टाकून मोठ्या खुशीत हिंडायचो. त्या नातीची आई डाळमिलमध्ये कामाला जायची, म्हणून पोर दिवसभर पाळणाघरात असे. मला पाहिलं की ती आजीच्या हातातला तांब्या ओढून सळईवर ओतायची आणि "पाजलं!" म्हणून ओरडायची. माझा फार जीव होता तिच्यावर.

मे महिन्यात तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. आजारी मूल पाळणाघरात आणायचं नाही, हा नियम आमचाच, त्यामुळे ती घरी राहिली. म्हातारीनं दाराला कडूलिंबाचा डहाळा बांधला. आमच्याकडे 'माता आली' म्हणतात. माता असेपर्यंत लेकराला आंघोळ नाही आणि घरात परक्याचं पाऊल नाही. डहाळा पाहून मी बाहेरूनच विचारपूस केली.

"अंगाची आग होऊन राहिली जी तिच्या," म्हातारी आतून म्हणाली. "कूलरपासून हालत नाई पोरगी."

मीही वऱ्हाडातच वाढलोय. डहाळा ओलांडून आत जायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी पुढच्या दाराला गेलो. आंघोळ थांबली म्हणजे सळईचं पाणीही थांबलं, हे वस्तीत कोणाच्याच मनात आलं नाही.

एका दुपारी ती उघड्या अंगानं कूलरच्या गार पत्र्याला जाऊन टेकली. म्हातारी दोन हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत बसली होती. लेकराला बरं वाटतंय म्हणून गप्प आहे, असं तिला वाटलं.

मी पोचलो तेव्हा पोरीला दवाखान्यात नेऊन परत आणलं होतं. सळई बोटानं हलत होती.

वस्तीनं ठरवून टाकलं, मातेनं नेलं. माझं डोकं फिरलं. "करंटनं नेलं!" मी बायकांच्या घोळक्यावर ओरडलो. भिंतीला टेकून बसलेल्या आईनं फक्त वर पाहिलं.

काही दिवसांनी मी पुन्हा वस्तीत गेलो. घरात माता असली तरी सळईचं पाणी चुकवू नका, हे दारोदार सांगायचं होतं. म्हातारीच्या दारासमोरून मात्र पाय पुढे जाईना. कूलर तार कापून बाहेर उलटा टाकलेला होता. तेवढ्यात ती चुलीवरचं पातेलं घेऊन बाहेर आली. कडूलिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी होतं. माता उतरली की लेकराला याच पाण्यानं न्हाऊ घालतात. तिनं त्यात हात बुडवून पाहिला. पोळत होतं, म्हणून थोडं गार पाणी घातलं आणि पुन्हा हात बुडवून पाहिला. मग सळईपाशी बसली आणि तांब्या तांब्यानं, सावकाश, सगळं पाणी तिथे ओतलं.

"ती कशालाच जोडलेली नाही आता," मी म्हणालो.

"मालूम हाय जी," ती म्हणाली. "आज तिची आंघोय होती."