खोकल्याचं औषध सोडण्याचा मुहूर्त

माझा एक मित्र पंचवटीत भिक्षुकी करायचा. घरात चातुर्मासात कांदालसूणसुद्धा बंद, दारू तर लांबच. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी घसा बसला म्हणून घेतलेलं खोकल्याचं औषध घसा सुटल्यावरही सुटेना. मिळालं नाही की नाक गळायचं, अंग ठणकायचं, आणि संकल्प सांगता सांगता जांभया यायच्या. समोरचे यजमानही मग भक्तिभावाने जांभया द्यायचे. हळूहळू ते दुसऱ्या गुरुजींकडे जायला लागले, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला सगळं सांगितलं.

मी विमा कचेरीतला कारकून, पण सल्ला द्यायची हौस दांडगी. आधी ज्येष्ठमध आणि मध नेऊन दिला. त्याने मध चाटला आणि वर औषध प्यायला. मग चांदवडला कोणी व्यसनावर पुडी देतो असं कळलं, म्हणून एसटीने तिथवर गेलो. खोकल्याच्या औषधाचं व्यसन म्हटल्यावर पुडीवाल्याने मला खोकल्याचीच पुडी बांधून दिली.

शेवटी एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, त्या औषधात अफूच्या जातीचा अंश असतो. एकदम बंद करू नका, भरती करा, गोळ्या देऊन सोडवू.

मित्र उखडला. "मी काय बेवडा आहे? मला काही झालेलं नाही." वहिनी माहेरी निघाल्या तेव्हा कुठे तयार झाला, पण म्हणे मुहूर्त पाहून. आणि मुहूर्त काढणार तोच. आधी पंचक लागलं, मग वैधृती, मग चंद्र आठवा. घाईच्या लग्नांना तासाभरात मुहूर्त शोधून देणारा हा गृहस्थ स्वतःसाठी महिनाभर पंचांग चाळत बसला. मी शेजारी बसून जाणकारासारखी मान हलवायचो.

मग दवाखान्यातून निरोप आला: खाट रिकामी झाली आहे, आजच या. नेमकी अमावास्या. मी भीतभीत सांगायला गेलो. ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. त्याने पंचांग हातात घेतलं. ते न उघडताच त्याने खाली ठेवलं.

"आजारी माणसाला मुहूर्त लागत नाही," तो म्हणाला.

स्वतःला आजारी तो पहिल्यांदाच म्हणत होता. वहिनी आत गेल्या आणि त्याची धोतरं पिशवीत भरायला लागल्या. मी रिक्षा बघायला धावलो.

औषध सुटलं. पुढे तो एकदा घसरला, पुन्हा बाटली तोंडाला लावली. पण त्या वेळी मला न विचारता एकटाच दवाखान्यात जाऊन भरती झाला. मी जरा रुसलोच.